सायकलवरून पुरीला गेलेली पोशी

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरची पोशी गेल्या हिवाळ्यात ओडिशातल्या पुरीला जाऊन आली. जाताना सायकलने, येताना रेल्वेने. पाड्यात अजून काही जणांना वाटतं, ती देवदर्शनाला गेली होती. ती गेली होती घरांसाठी.

पोशीचं लहानपण वीटभट्टीवर गेलं. भात-नागली घरात आली, दिवाळी झाली, की आईबाप तिला आणि थोरल्या भावाला, हरेशला घेऊन भिवंडीकडे जायचे. पावसाळा तोंडावर आला की परत. तिथं कच्च्या विटा रचून वर प्लास्टिक टाकलेल्या खोपटात राहायचं. थापलेल्या विटा एका बाजूने सुकल्या की पोशी त्या उलटून दुसरी बाजू उन्हाकडे करायची. पुढे खोडाळ्याच्या आत्याने तिला ठेवून घेतलं आणि शाळेत घातलं. आठवीत शाळेकडून सायकल मिळाली. घरी जाताना सूर्यमाळचा चढ आला की बाकीची मुलं उतरून सायकल ढकलायची. पोशी चालवत वर न्यायची.

बारावीनंतर ती मोखाड्यात, गरिबांना घरं बांधून देणाऱ्या एका संस्थेत लागली. बांधकामांवर देखरेख हे तिचं काम. तिच्या आईचं, सुकरीचं घर मात्र कारवीच्या काड्यांच्या कुडाचंच होतं. बाप गेल्यावरही सुकरी हरेशबरोबर भट्टीवर जायची, आणि सरकारी घरकुलाची पाहणी व्हायची तेव्हा दाराला कुलूप असायचं, म्हणून यादीत नाव लागलं नाही.

संस्थेचे वीसेक जण दर वर्षी सायकलने देश ओलांडतात. वाटेत कुठे कुठे थांबून घरांच्या कामाला हात लावतात, संध्याकाळी लोकांशी बोलतात, मदत मागतात. या खेपेला सुरुवात जव्हारहून होती आणि मदत सूर्यमाळच्या पाड्यांसाठी. पोशीने नाव दिलं. मग दिवाळीआधी, सुकरी भट्टीवर जायच्या आत, संस्थेतले मुकेश सर कॅमेरा घेऊन तिच्या घरी आले.

"पोशी, आई दारात उभी राहील का? मागे ते फाटकं छप्पर आलं पाहिजे."

पोशी काही बोलायच्या आत सुकरीच म्हणाली, "फोटो काढा ना. पन घर बांधून झाल्यावर. आता कशाला?"

मुकेश सर ओशाळले. "मावशी, बघितल्याशिवाय लोकांना कळत नाही हो."

"मंग पोरगी सांगंल. तिला तोंड हाय."

पोशी तोवर चार माणसांसमोरही बोलली नव्हती.

नाशिकला एका कॉलेजच्या हॉलमध्ये तिच्या हातात माईक दिला. "मी पोशी, सूर्यमाळची. आमच्याकडे घरं पाहिजेत," एवढं म्हणून ती खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याने तिला आणखीच मेल्यासारखं झालं. पुढे जळगावला, अकोल्याला तिच्या वाटचं हर्षदा बोलली. हर्षदा जव्हारची शिक्षिका, संस्थेच्या मदतीला आलेली; दोघी बरोबरीने सायकल चालवायच्या. आपल्या घरी शेती आहे, एवढंच पोशीने तिला सांगितलं होतं.

रायपूरच्या अलीकडे रस्त्याला लागून एक वीटभट्टी दिसली. दोघी पाण्यासाठी थांबल्या. पाणी देणारी बाई सुकरीच्याच वयाची.

"कहाँ जा रही हो?"

"पुरी. घर बनाने के लिए मदद माँग रहे हैं."

"किसका घर?"

"आप जैसे लोगों का," पोशी म्हणाली, आणि आपलंच बोलणं तिला टोचलं. तांब्या परत देत ती म्हणाली, "हमारा."

मग ती खाली बसली आणि समोरची विटांची ओळ उलटायला लागली. हर्षदा बघतच राहिली. "हे कुठं शिकलीस गं?"

"भिवंडीला. शाळेच्या आधी."

त्या संध्याकाळी रायपूरला पोशीने स्वतःहून माईक मागितला. मोडक्यातोडक्या हिंदीत ती बोलली. "माझ्या आईने जन्मभर विटा थापल्या. त्यांतून किती घरं झाली, तिलाही ठाऊक नाही. तिच्या घरात एकही वीट नाही. पाऊस सुरू झाला की ती नागलीची टोपली या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवत बसते. तिचा फोटो तिने काढू दिला नाही, म्हणून मी सांगते आहे." त्यानंतर पुरीपर्यंत ती रोज बोलली. समुद्रावर पोचल्यावर बाकीचे फोटो काढत होते, ती सुजलेले पाय पाण्यात सोडून बसून राहिली.

उन्हाळ्यात जमलेल्या मदतीतून पाड्यावर घरांची कामं सुरू झाली, तशी सुकरी भट्टीवरून लवकर परत आली. सुकरीने आपला नंबर मागे ठेवला. शेजारच्या काशीला लहान पोरं, तिचं आधी करा म्हणाली. शिवाय पत्रा नको, कौलंच पाहिजेत, पत्र्याखाली भाजून मरायचं नाही, हा हट्ट. विहिरी आटलेल्या. विटा भिजवायलाही टँकरचं पाणी, त्यामुळे काम रखडत गेलं. पावसाआधी भिंती आणि कौलं झाली, गिलावा राहिला. तो भादव्यानंतर झाला.

दिवाळी संपली तशा भट्टीवर न्यायला पाड्यात जीपा आल्या. सुकरी या वर्षी गेली नाही. हरेश आणि त्याची बायको निघाले.

"घर झालं," हरेश बहिणीला म्हणाला, "पन घरात बसून पोट भरंल का?"

हरेशची पोरगी सोनी जीपमध्ये चढून बसली होती. पोशीने तिला खाली उतरवलं, तिची कपड्यांची पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "ही आजीजवळ राहील. शाळेत जाईल."

हरेशने बायकोकडे पाहिलं. तिने होकाराची मान डोलावली, आणि सोनीला मागे ठेवून जीप निघाली.