छत्तिसाव्या फ्रेममधला दगड

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढं हात जोडूनही नाही. आज तुम्हाला सांगून राह्यलो, कारण — जाऊ द्या, कारण काही नाही. ऐका फक्त.

हसनाबादला माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साईज, लग्नं, बारशी, ह्यावरच पोट. पण हौस होती मोकळ्या रानाचे फोटो काढायची. शिकवणार कोण? जालन्याला रद्दीवाल्याकडं एक इंग्रजी पुस्तक सापडलं, मधली पानं गेलेलं. डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावत बसायचो. चौकटीचे तीन भाग पाडा. झाड मधोमध घेऊ नका. डोक्यावरचं ऊन टाळा, तिरपं ऊन धरा. आणि पुढं, कॅमेऱ्याजवळ, काहीतरी जड पाहिजे, म्हणजे मागचं रान खोल दिसतं. पुस्तकातल्या फोटोंत तिथं बहुतेक दगडच असायचा. परमुलखातल्या माळावरचा. तो कोणाचाच नव्हता हो. आपल्याकडं कोणाचाच नसलेला दगड असतो का कुठं?

सत्त्याऐंशी सालचा उन्हाळा. माझं गाव दुकानापासून दोन कोसांवर. तिथं किसनदादा आणि अंबादास, सख्खे भाऊ. अंबादास माझ्या वर्गातला, एका बाकावरचा. दोघांची वाटणी नुकतीच झाल्ती — तोंडी, कागदावर काही नाही. मधे बांध घालायचा राह्यला होता. दोन टोकांना चुना लावलेले दोन दगड, तेवढीच हद्द.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या रानात एकटा गेल्तो. रोलमध्ये दोनच फोटो उरले होते. पस्तिसावा काढला — कसला बेकार! दगड पार एका कोपऱ्यात, पुढं सगळं मोकळं. तोच दगड झाडाच्या सावलीतून चार हात इकडं, किसनदादाच्या रानात आला असता, तर तिरपं ऊन बराबर चुन्यावर पडलं असतं.

मला माहीत नव्हतं का तो हद्दीचा दगड आहे? बिलकुल माहीत होतं. शेतकऱ्याच्याच पोटचा आहे मी. वाटलं, एका फोटोपुरता. हातानंच उकरला, लोटत नेला, फोटो काढला. मग — सूर्य बुडाला, हात सोलवटले होते, शेवटची जीप सुटायची होती. उद्या येऊन ठेवतो म्हणालो आणि पळालो. उद्या दोन लग्नांच्या ऑर्डरी होत्या. परवाही काहीतरी होतं.

पाचव्या दिवशी गावात गेलो तर मारुतीच्या देवळात माणसं जमलेली. किसनदादानं वखर घालताना जुना खड्डा पाह्यला होता, आणि आपल्या रानात आलेला दगडही. अंबादासनं मारुतीच्या पायावर हात ठेवला. "म्या हात लावला न्हाई, दादा. लेकराची आन."

"मंग काय दगडाला पाय फुटले?" किसनदादा म्हणाला.

माणसं हसली. मीही हसलो. ऐकलं ना तुम्ही? मीही हसलो.

रोल धुऊन दुकानात वाळत घातला होता. निगेटिव्हच्या एकाच पट्टीवर दोन्ही फोटो. एक वाक्य बोललो असतो तर मिटलं असतं. मार पडेल ही भीती नव्हती. लोक हसतील ही होती. पुस्तकात वाचून दगड हलवला, हे कळलं असतं तर गावानं वर्षभर माझी टर उडवली असती. तेवढ्यासाठी — फक्त तेवढ्यासाठी — मी त्याला चोर होऊ दिलं. थू माझ्या शहाणपणावर!

दगड दुसऱ्याच दिवशी जागेवर गेला. अंबादासवरचा आळ मात्र गेला नाही. बाजारात तो दिसला की कोणीतरी म्हणायचं, "आला रे, आपापले दगड सांभाळा." भाऊ भावाशी बोलेना. एकाच्या घरच्या लग्नाला दुसरा नाही. आणि माझ्या त्या फोटोला जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस! सर्टिफिकेट भिंतीवर आहे. कोणी विचारलं, फोटो कुठंय, तर सांगतो हरवला.

बारा वर्षांनी किसनदादा वारला. आमच्याकडं मयताभोवती घरच्यांना बसवून शेवटचा फोटो काढतात; मलाच बोलावणं आलं. मरताना तो सांगून गेल्ता, अंबादासनं खांदा द्यायचा नाही. अंबादास अंगणाच्या कडेला, लिंबाखाली उभा होता. टोपी हातात. रडत नव्हता, नुसता बघत होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तर तो डाव्या कोपऱ्यात येत होता. किसनदादाच्या पोरानं मला खूण केली.

मी दोन पावलं उजवीकडं सरकलो.

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? भाऊ समोर पडलेला, सगळं गाव जमलेलं. मी लेन्स पुसली आणि बटण दाबलं.

तेराव्यानंतर अंबादास दुकानात आला. म्हणाला, "दादाच्या त्या फोटोची एक कापी दे." दिली. दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहत राह्यला.

"मी तितंच हुबा होतो की रे. आलो न्हाई व्हय?"

"त्या बाजूनं उजेड बराबर नव्हता," मी म्हणालो.

"आसंल," तो म्हणाला. "तुला त्यातलं कळतं."

फोटो त्यानं टोपीत घालून नेला.

ती पट्टी ड्रॉवरमध्ये आहे. पस्तिसाव्यात दगड जागेवर आहे, छत्तिसाव्यात नाही. अंबादासही आहे अजून, गावातच. बाजाराच्या दिवशी दुकानापुढून जाताना हात वर करतो. मीही करतो.