हात जातो म्हणे

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. सोमवारी महादेवापुढं हात जोडते तेव्हाही नाही — त्याला ठाऊकच असणार की. आज तुम्हाला सांगते.

शुक्रवार पेठेत आमचं कडक भाकरीचं काम. पाचजणी बसतो, ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापतो, कडक करून पुड्यांत भरतो. बरं चाललंय, खोटं कशाला बोलू? एकमेकींची टिंगल करत दिवस सरतो. महादेवी आमच्यात सगळ्यात जुनी. तिची भाकरी बघावी — कडेपासून मधोमध एकसारखी, कुठं जाड नाही.

तर, कोरोनाच्या लशीचे दिवस. चौघी म्हणाल्या, अक्का, आधी तुमी जाऊन या, मग आमी जातो. गेले. रांगेत उभी राहिले. पुढच्या बाईच्या दंडात सुई शिरताना बघितली आणि — हसाल तुम्ही — रांग सोडली. तशीच मागं फिरले, सरळ घरी. तापल्या तव्यावर बोटं टेकवणारी बाई मी! आता या चौघींना काय सांगायचं? सुईला भ्याले म्हणायचं? मी?

म्हणाले, "तितं एक बाई भेटली. सुई घेतल्यापासनं तिचा हातच गेलाय म्हणं. भाकरी थापता येईना."

अशी कुठलीच बाई नव्हती.

दुसरं काही सांगितलं असतं तर त्या विसरल्या असत्या. पण हात? आमच्या कामात हात गेला म्हणजे राहिलं काय? आठवड्यात गल्लीभर झालं. पुढं तीच बाई माझ्या मोबाइलवर आली — कुणाचातरी लोंबता हात, फोटोसकट. वाचून क्षणभर मीच घाबरले. काय म्हणावं याला?

महिन्याभरानं लेकानं गाडीवर बसवून होटगीला, त्याच्या सासुरवाडीला नेलं आणि तिथं सुई टोचून आणलं. डोळे मिटले, झालं. दोन दिवस दंड ठणकला, तिसऱ्या दिवशी थांबला. न्हाणीत घसरले म्हणून सांगितलं आणि त्याच हातानं थापत बसले. तेव्हा तोंड उघडायचं होतं. महादेवी शेजारीच होती, एकच वाक्य पुरलं असतं. पण बायका मला हसतील — एवढंच भ्या. एवढ्याशा गोष्टीसाठी मी गप्प बसले.

लाट आली आणि महादेवी आजारी पडली. कितीतरी दिवस ऑक्सिजनवर होती. वाचली, तिच्या पोरांचं नशीब. लस घेतली असती तर बहुतेक इतकं वाढलं नसतं, असं डॉक्टर तिच्या लेकाला सांगत होते. मी डबा घेऊन दारात उभी. ऐकलं. डबा दिला आणि घरी आले.

आता मी लशीच्या बाबतीत लई कडक. बाळाला डोस द्यायला कुणी कां-कूं केलं की स्वतः जाते, बाळाला मांडीवर घेऊन बसते. दोन दिवस किरकिर करतंय, मग खेळतंय, म्हणून आईला समजावते. सुईकडं अजूनही बघत नाही, भिंतीकडं बघते. मोबाइलवरचं काही दाखवायला आल्या की विचारते, ही बाई राहते कुठं? तिचं नाव सांग. कुणालाच सांगता येत नाही. बायका ऐकतात माझं. बरं वाटतं.

महादेवी येते अजून. चुलीची धग, धूर तिला सोसत नाही, चार भाकरीत दम लागतो. म्हणून खिडकीशी बसून पुड्या भरते. गाणीबिणी म्हणते, मजेत असते. परवा नव्यानं कामाला आलेल्या पोरीला सांगत होती, "अक्कांनी मला हितं खिडकीत बसवलं. दुसऱ्या कुणी काढून टाकलं असतं. लई माया हाय त्यांची."

मी परातीत पीठ मळत होते. मान वर केली नाही. तिला खिडकीत मीच बसवलं, हे खरं आहे.