शालूचं माहेर

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. परिपाठ नुकताच संपला होता, मुलं वर्गात शिरत होती. तिच्या यजमानांनी, विनायकरावांनी, एवढंच सांगितलं, "मॅडम, शालिनी गेली... तुम्ही या." आदल्या रविवारीच मी तिला भेटून आले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, त्याचा अर्थ तिलाही कळला होता. पोटाच्या आजाराने अगदी एवढीशी झालेली ती, माझ्या हातून चार घोट पेज प्याली आणि म्हणाली, "पोरं लय गोंधळ करून राहिले का व माझ्या वर्गात?" मी नाही म्हटलं. ती डोळे मिटून पडून राहिली. त्याला आता महिना होऊन गेला...

अर्जुनी मोरगावच्या आमच्या शाळेत तिचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. मधली भिंत असून नसल्यासारखी, कारण शालूचा आवाज. ती पाढे घ्यायला लागली की माझीही मुलं म्हणायला लागायची. माहेर चिचगडचं, जंगलाकाठचं. दोन भाऊ. आई लवकर गेली, म्हणून धाकट्या धनराजला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. राखीला ती चिचगडला जाणारच, मग एस.टी. मिळो न मिळो. त्या धनराजला त्याच्या बायकोने, रेखाने, डोक्यात मुसळ घालून मारलं ही बातमी आली तेव्हा शालू फळ्यासमोर उभी होती. ती तिथेच खाली बसली. हातातला खडू आम्ही तिच्या मुठीतून सोडवून घेतला.

खटला गोंदियाच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. दर तारखेला शालू रजा टाकून सकाळची गाडी धरायची. तिला एकटीला सोडवत नव्हतं म्हणून मीही बहुतेक वेळा बरोबर असायचे. रेखाचं म्हणणं होतं की, त्या दुपारी नवऱ्याने तिला भिंतीला रेटून गळा दाबला. श्वास कोंडला तेव्हा हाताला लागलं ते मुसळ तिने मारलं. सरकारी वकिलांचा सगळा भर दुसऱ्या घावावर होता. पहिल्या घावाने तो खाली पडला होता, गळा सुटला होता, मग दुसरा कशाला? पिंजऱ्यातली रेखा अगदी हळू म्हणाली, "तो उठून राहिला होता जी." शालू पुढच्या बाकावर मोठ्या भावाशेजारी बसलेली असायची, आणि रेखाच्या तोंडावरून नजर काढायची नाही. परतीच्या गाडीत म्हणायची, "हिले फाशीच व्हाले पाहिजे. माझा भाऊ मेला आणि हे उभी आहे."

मग डॉक्टरांची साक्ष झाली. रेखाच्या गळ्यावर बोटांचे वळ होते, हे त्यांनी सांगितलं. ते ताजे होते. पण हाताचं हाड आधी कधीतरी मोडून वाकडंच जुळलं होतं, बरगडीही जुनीच दुखावलेली होती, हेही सांगितलं. मूल होत नाही म्हणून मारत होता, असं तिच्या वकिलांनी आधीच मांडलं होतं. तेव्हा शालू मान झटकत होती. डॉक्टर बोलत असताना मात्र ती हलली नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे परत आत आले, मोठ्या भावाने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती... शालू त्याच्या समोरून गेली आणि पार मागच्या बाकावर एकटी जाऊन बसली.

परतीच्या गाडीने सौंदड स्टेशन सोडलं. मग खिडकीबाहेर पाहत शालू म्हणाली, "मी पाहिलं होतं व. माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं."

तिने बचाव पक्षाकडून साक्ष द्यायचं ठरवलं. मोठा भाऊ शाळेत येऊन व्हरांड्यातच ओरडला, "सख्ख्या भावाच्या खुन्याले सोडवाले चालली तू? गेलीस तर चिचगडचं दार तुले बंद." शालू म्हणाली, "धन्या माझाही भाऊच होता, दादा." आणि वर्गात निघून गेली. त्या दिवशी मधल्या भिंतीतून काहीच ऐकू आलं नाही.

साक्षीच्या पिंजऱ्यात ती उभी राहिली. सरकारी वकील म्हणाले, "इतक्या तारखा तुम्ही इथे बसून ऐकलंत, तेच आता सांगताय."

"ऐकलेलं नाही जी, पाहिलेलं सांगतो. राखीले गेली होती. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्यानं हिचा गळा धरला. भिंतीले लावून. हिचे डोळे पांढरे झाले. मी त्याचा हात ओढून सोडवला."

"मग पोलिसांत का गेला नाहीत?"

न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं.

"मग तो जेवाले बसला," ती म्हणाली, "आणि मी त्याले वाढलं."

रेखा सुटली. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी तिने वार केले, हे न्यायालयाने मानलं. बाहेर आवारात ती शालूच्या पायाशी वाकली, तर शालू दोन पावलं मागे सरली. "नको. तू सुटली, चांगलं झालं. पण माझ्यासमोर येत नको जाऊ रेखा... मले तो दिसते." रेखा तशीच वाकलेली राहिली. आम्ही निघालो.

चिचगडचं दार खरंच बंद झालं. भाच्याच्या लग्नाचं बोलावणंही आलं नाही. राखीच्या दिवशी सगळ्या बायका रजेवर, आणि शालू दोन-दोन वर्ग सांभाळत शाळेत. खरं बोलल्याचं समाधान वगैरे तिच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नाही. एकदाच म्हणाली, "खोटं बोलली असती तर हे गेली असती. खरं बोलली तर तो परत एकदा मेला."

त्या दिवशी मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. शालूला आंघोळ घालून झाली होती, आणि बायका खोळंबल्या होत्या. सवाष्ण गेलेली, तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडल्याशिवाय उचलायचं कसं? विनायकरावांनी मोठ्या भावाला पुन्हा फोन लावला. कोणी उचलला नाही. "दुकानातून आणा एखादं," कोणीतरी म्हणालं. "विकत आणलेलं माहेरचं कसं होईन?" दुसरी म्हणाली.

तेव्हा फाटकातून रेखा आत आली. सुटल्यापासून ती देवरीला राहत होती, बातमी कळताच मिळेल ती गाडी धरून आली असावी. केस वाऱ्याने विस्कटले होते. कोणाकडे न बघता ती शालूजवळ बसली आणि पिशवीतून घडी न मोडलेलं हिरवं लुगडं काढलं. बायकांत कुजबुज झाली. तिला ओळखणारी एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, "काऊन आली व तू? तू कोण लागते हिची?"

रेखा घडी उलगडत राहिली. तो वाकडा जुळलेला हात कापडावरून सावकाश फिरत होता.

"माहेरची आहे जी मी," ती म्हणाली.

विनायकरावांनी होकाराची मान हलवली. मी पुढे होऊन दुसरा काठ धरला.