न हलवलेली बाटली

पाणी शुद्धीकरण केंद्रात सगळे त्याला गढूळमामा म्हणायचे. नाव भाचीने ठेवलेलं. भाची जाऊन अकरा वर्षं झाली, नाव मात्र सुटलं नाही. पाण्याचा गढूळपणा मोजणं हेच त्याचं काम. नमुन्याची बाटली हलवायची, काचेची नळी भरायची, नळीवरचे बोटांचे ठसे पुसायचे, यंत्रात ठेवून आकडा लिहायचा. आकडा एकच्या आत असला की पाणी सोडायला हरकत नाही. यात कसलं आलंय डोकं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी दहाला तो नमुना घेऊन टेबलाशी बसला, तोच धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, नळाला मातकट पाणी येतंय. पोरीला देऊ का?"

"थांब, मोजूनच सांगतो."

पण गप्पा रंगल्या. भाचीचा पडलेला दात, तिच्या खोड्या, अर्धा तास कसा गेला कळलं नाही. बोलता बोलताच त्याने बाटलीतलं वरचं पाणी नळीत ओतलं. आकडा अर्ध्याच्याही खाली.

"बिनधास्त पाज," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर बाटली धुवायला घेतली, तर तळाशी गाळाचा थर. बाटली हलवायचीच राहिली होती. परत फोन लावावा, तर स्वतःची चूक कबूल करावी लागणार. एवढ्याशाने काय होतंय, म्हणून त्याने बाटली धुऊन टाकली. पाचव्या दिवशी जुलाबाने पोर गेली.

तेव्हापासून तो हातात येईल तो पेला हलवायचा. "अहो, चहा आहे तो," बायको वैतागायची. पुसलेल्या नळीवर त्याला कधीकधी इवल्या बोटांचे ठसे दिसत. तो पुन्हा पुसायचा. आणि रोज सकाळी दहाला बहिणीचा फोन यायचाच. "दादा, आज पाणी कसंय?" तो आकडा सांगायचा, ती फोन ठेवायची.

निवृत्तीच्या दिवशी तो थेट तिच्या घरी गेला. बसलाही नाही. "त्या दिवशी मी बाटली हलवली नव्हती."

बहीण भांडी पुसत होती. "आकडा चुकलाय, एवढं ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी कळशी रिकामी केली, तर तळाशी माती होती."

तो आता खाली बसला. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलत होते की," ती म्हणाली. "रोज सकाळी दहाला."