फंडाची सोयरीक

"पैका म्हंजी लेक, घर बघितल्याबिगर द्यायची न्हाई," असं गेणबा एकदा बोलून गेला आणि कासार आंबोलीत ते वाक्य त्याच्या नावाला कायमचं चिकटलं. खरं तर पैसे मागायला आलेल्या हैबतरावाला चार दिवस थोपवावं म्हणून तो तसं बोलला होता. मनातून तो केव्हाच राजी झाला होता.

गेणबाची हयात खडकीच्या कारखान्यात गेली. भट्टीच्या धगीनं भुवया जळाल्या त्या परत उगवल्याच नाहीत, त्यामुळं तो सदा नुकतंच काही नवल ऐकल्यासारखा दिसे. रिटायर होऊन गावी आला तेव्हा फंडाचे चार हजार रुपये मिळाले. त्या पैशांचा त्याला धाकच वाटे. परका माणूस घरात येऊन बसावा आणि आपण आपल्याच घरात हळू बोलावं, तसं झालं होतं. ओढ्याकाठच्या तुकड्याला पाणी चढवायला एक इंजिन घ्यावं, एवढीच त्याची हौस. पण इंजिन घेतलं तर म्हातारपणाला हाताशी काय उरणार? या कोड्यात तो अडकला असतानाच हैबतराव आला.

हैबतराव जवळच्या रिहे गावचा. गेणबाची थोरली बहीण सारजाबाई, तिच्या नणंदेचा मुलगा. टेरिलीनचा शर्ट, मनगटावर घड्याळ.

"मामा, आमच्या पुण्याच्या शेठकडं ठेवा. शंभराला महिन्याला पाच. वर्षात इंजिन दारात, आन् मूळ पैका जागच्या जागी!"

गेणबाच्या कानात त्या क्षणापासून इंजिन सुरू झालं. जेवताना, झोपताना, थुक-थुक, थुक-थुक.

"आपल्या नात्यातला हाय गं," तो बहिणीला म्हणाला.

"म्हनून तर घर बघायचं," सारजाबाई म्हणाली. "परक्याला तोंडावर न्हाई म्हनता येतं. नात्यातल्याला कसं म्हनशील?"

गावातल्या निम्म्या पोरींची सासरघरं लग्नाआधी सारजाबाईनं बघितलेली. पुढची खोली म्हणजे घराचं तोंड, आणि तोंड काय, कुणीही धुतं, असं तिचं म्हणणं. म्हणून ती चहा व्हायच्या आत पाणी प्यायला म्हणून उठायची आणि थेट शेजारी जायची. घर पसंत नसलं तर नाही म्हणायची रीत नव्हती. पुढं आलेला चहा तसाच ठेवून उठायचं. समोरचा समजायचा ते समजायचा.

पौडचा दुकानदार मोहिद्दीन, गेणबाचा जुना दोस्त, शेठचं घर बघायला पुण्याला हौसेनं बरोबर निघाला. तीन माणसं झाली. तीन तिगाडा नको म्हणून सारजाबाईनं पिशवीत नारळ घेतला आणि तो चौथा धरला.

"चौथ्या पावन्याचं तिकीट कोन काढनार?" एस.टी.त मोहिद्दीननं विचारलं.

"त्यो मांडीवर बसतोय. तू गप बस," सारजाबाई म्हणाली.

"आन् लेक कुटं हाय, गेणबा?"

"पोरीचं घर बघाया जाताना पोरगी संगं न्हेत्यात व्हय?" गेणबा हसून म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

ते खोटं होतं. कसा, म्हणजे पैशाची लांबट कापडी पिशवी, त्यात नोटा भरून त्यानं कमरेला बांधल्या होत्या. कुणालाही न सांगता. बस खड्ड्यात गेली की त्याचा हात आपोआप कमरेकडं जाई.

शेठची कचेरी पेठेतल्या एका जुन्या माडीवर. टेबल, खुर्च्या, भिंतीवर लक्ष्मी. शेठ गुबगुबीत आणि गोडबोल्या. हैबतराव आधीच तिथं येऊन बसला होता.

"या, या! घर बघायला आलात म्हणे! वा, काय बाणा आहे! पण काका, पाचाचा दर आजच्यापुरता. उद्यापासून तीन."

"कुटले तुमी? पावणे कोन?" मोहिद्दीननं विचारलं.

"आम्ही सगळ्यांचेच पाहुणे!"

"मंग जेवायला कुनाकडं जाता?"

शेठ मोठ्यांदा हसला. हैबतरावही हसला, पण जरा उशिरा. सारजाबाई उठली.

"वाईच पानी पिऊन येते."

"इथंच मागवतो की, मावशी."

"नगं. माज्या घशाला शेजारचंच लागतं."

ती गेली. चहा आला. गेणबाचा हात कमरेला गेला. तिथली गाठ बोटांना सापडली. कानात इंजिन जोरात चाललं होतं. आता सोडावी आणि मोकळं व्हावं, असं त्याला वाटलं. गाठीचं एक टोक त्यानं ओढलंसुद्धा.

सारजाबाई पदरानं तोंड पुशीत परत आली.

"गेणू, शेजारीन लई गोड बाई हाय. पापड करती. परवा हितं दोन म्हातारे आपापल्या लेकी परत मागाया आल्ते म्हनं. शेठ गच्चीवर पापडांत दडलं हुतं. चार पापड मोडलं, त्याचं पैसं बी अजून दिलं न्हाईत."

मोहिद्दीनला हसू आवरेना. हैबतरावाचं तोंड उतरलं. "शेठ, कोन म्हातारे?" त्यानं विचारलं. ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"बायकांच्या गप्पा हो!" शेठनं कपबशी पुढं सरकवली. "घ्या काका, चहा घ्या. आज शेवटचा दिवस."

सगळे गेणबाकडं बघू लागले. सारजाबाईची नजर त्याच्या कमरेवरच्या हातावर गेली आणि तिला सगळं समजलं. नारळ तिनं पिशवीत खोल ढकलला.

चहावर साय धरत होती. गेणबा त्या सायीकडं बघत राहिला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. त्यानं बोटांनी चाचपून कमरेची गाठ पुन्हा आवळली, उठला, दाराशी वहाणांत पाय घातले आणि जिना उतरून गेला.