एकोणीस वर्षांची नवी बाई

धुलाईच्या कारखान्यात तिला सगळे नवीमावशी म्हणत, कारण कागदोपत्री ती कायम नवीनच होती. एकोणीस वर्षं हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या तापलेल्या रोलरखालून काढून तिच्या मनगटांवर भाजल्याचे डाग पडले होते, पण नोकरीला तिला कधी नव्वद दिवस काही झाले नव्हते.

आता हे कसं, ते ऐका. नियम असा, की हंगामी कामगारानं सलग नव्वद दिवस भरले की त्याच्या नावानं फंडाचं खातं उघडायचं. थोडे पैसे त्याच्या पगारातले, तेवढेच मालकाच्या खिशातले, आणि म्हातारपणी ते सगळे त्याचे. मालकांना म्हातारपणाची फार काळजी होती, फक्त स्वतःच्या. म्हणून एकोणनव्वदाव्या दिवशी बाईचं ओळखपत्र जमा करून घ्यायचं, दोन दिवस घरी बसवायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा भरती करायचं. याला म्हणायचं ब्रेक. भरती मात्र अगदी रीतसर हं! फोटो, फॉर्म, त्यावर 'पूर्वानुभव: नाही', खाली व्यवस्थापकांची सही. मग चादरीची घडी कशी घालावी यावर अर्धा तास प्रशिक्षण. ते देणाऱ्या मुकादमाला घडी घालायला शिकवलं होतं मावशीनंच. शेवटी 'आमच्या परिवारात आपले स्वागत आहे' असं छापलेलं एक पेन. अशी पाऊणशे पेनं मावशीच्या घरी डब्यात पडली होती. निम्मी उमटतसुद्धा नव्हती.

आणि यात मावशीचाही हात होता बरं का. पहिल्याच वर्षी कारकून तिचा ब्रेक विसरला, तर ही शहाणी आपण होऊन ऑफिसात गेली. "साहेब, उद्या माझा ब्रेक आहे ना?" चूक नंतर सापडली तर नोकरीच जाईल, ही धास्ती. साहेबांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली. "अशी प्रामाणिक माणसं हवीत!" मावशी हुरळली. तेव्हापासून तो कारभार तिच्याच गळ्यात पडला. चाळीस बायकांपैकी कुणाचे किती दिवस भरले, तिला तोंडपाठ. कारकून आले, गेले, प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली जाई, "ब्रेकचं मावशीला विचार." या कामाचा पगार? छे! परिवारात कुणी पगार मागतं का?

नवरा गेल्यापासून मावशी एकटीच राहायची. लेक म्हणायची, "आई, काम झेपेनासं झालं की माझ्याकडे ये." लेकीचं मन मोठं, पण घर दीड खोलीचं. जावईही भला माणूस, पण सासूबाई राहायला आल्या की उगाचच घड्याळाकडे बघायचा. लेकीच्या स्वयंपाकघरात अंथरूण टाकून पडायचं, हे मावशीला मुळीच नको होतं.

तर ती लेकच एकदा फंडाच्या ऑफिसातून चौकशी करून आली. म्हणाली, "आई, खातं पंचावन्नच्या आत उघडावं लागतं. पण एकदा उघडलं की मग त्यांनी कितीही ब्रेक दिले, तरी ते बंद पडत नाही. जितकं काम करशील तितकं भरत जातं."

मावशीला पंचावन्न पुरे व्हायला तेवीस दिवस उरले होते. कामाचा त्या दिवशी ब्याऐंशीवा दिवस होता. म्हणजे ही शेवटची संधी. आणि कारकून नवाकोरा, त्याला मावशीनं सांगितल्याशिवाय काही कळायचं नाही.

मावशीनं फक्त गप्प बसायचं होतं. पण एकोणीस वर्षांची सवय का सहजासहजी सुटते? एकोणनव्वदाव्या दिवशी पाळी सुटली आणि पाय आपसूक ऑफिसच्या दाराशी गेले. कारकुनानं मान वर केली. "काय मावशी?"

मावशीची नजर त्याच्या टेबलावरच्या पेनांवर गेली. "पेन... पेन मिळेल का एखादं?"

त्यानं दिलं. शहात्तरावं पेन घेऊन ती घरी आली आणि रात्रभर स्वतःलाच शिव्या घालत राहिली. दुसऱ्या दिवशी रोलरवर तिनं दोन चादरी करपवल्या. समोरून चादरीची टोकं धरणारी तिची जोडीदारीण, उंचीमुळे जिला सगळे शिडी म्हणत, ती विचारत होती, "मावशी, बरं नाही का?" मावशीनं पुढची चादर रोलरखाली सरकवली. संध्याकाळी तिनं हजेरीच्या यंत्राला, ज्याची नोंद थेट फंडाच्या ऑफिसात जायची, ओळखपत्र लावलं आणि नव्वद दिवस भरले.

त्यानंतर तीन दिवसांनी फंडाच्या ऑफिसातून पत्र आलं, या बाईचं खातं उघडा. व्यवस्थापकांनी तिला बोलावलं. चेहरा लालबुंद.

"मावशी, हे काय? ब्रेकची आठवण करून द्यायला काय झालं होतं?"

"मला काय माहीत साहेब ब्रेक-बिक? मी नवीन आहे."

"नवीन? अहो, एकोणीस वर्षं तुम्हीच तर सांगत आलात!"

मावशीनं टेबलावरचा आपला भरतीचा फॉर्म पुढे ओढला. "एकोणीस वर्षं? तसं लिहून द्या साहेब. मग मी एकोणीस वर्षांचा फंड मागते. नाहीतर हा फॉर्म बघा. 'पूर्वानुभव: नाही.' सही तुमचीच ना?"

साहेबांनी फॉर्मकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग कारकुनाकडे. सगळ्यात शेवटी पेन उचललं आणि खात्याच्या कागदावर सही केली.

कारकुनानं कागद मावशीपुढे सरकवला. "इथं कामाला लागल्याची तारीख लिहा, आणि खाली सही."

तारीख होती ब्याण्णव दिवसांपूर्वीची. मावशीचा हात अडला. आपण इथे कधी नव्हतोच, असं आज तिलाच आपल्या हातानं लिहून द्यायचं होतं. नवऱ्याला अग्नी देऊन चौथ्या दिवशी ती याच रोलरवर उभी राहिली होती, तेही नव्हतंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सही केली.

दुपारी कारकून वही घेऊन रोलरपाशी आला. चूक झाल्याबद्दल त्याला चांगलाच दम मिळाला होता. "मावशी, आता तेवढं नीट सांगा हं. या आठवड्यात कुणाकुणाचा ब्रेक आहे?"

समोर चादरीचं दुसरं टोक धरून शिडी उभी होती. तिचा तो सत्याऐंशीवा दिवस होता. मावशीनं तिच्याकडे पाहिलं आणि चादर ताणून धरली.

"मला काय ठाऊक, दादा?" ती म्हणाली. "मी नवीन आहे इथे."