ब्रेकमध्ये घातलेलं मारुतीचं तेल

त्या प्रवासानंतर दोन महिने मला मारुतीच्या देवळाची पायरी चढवली नाही. पस्तीस वर्षांत एकही शनिवार न चुकवलेला माणूस मी. गावातल्या लोकांना वाटलं, म्हातारा देवावर रुसला. तसं नव्हतं. मला माझीच धास्ती बसली होती. तेलाची बाटली हातात घेतली की डोळ्यांपुढे मागच्या सीटवर चार महिन्यांचं लेकरू छातीशी धरून बसलेली माझी मुलगी यायची. ज्या भक्तीचा मी गावभर तोरा मिरवला, तिच्याच नावाखाली मी माझं घरदार दरीच्या काठावर नेऊन उभं केलं, हे पचायला फार जड गेलं. अजूनही पुरतं पचलेलं नाही. तरी लिहून ठेवतो, कारण त्या दिवशी जे पदरात पडलं ते माझ्या लायकीचं नव्हतं.

विट्याजवळच्या एका खेड्यात माझी पिठाची गिरणी आहे आणि दाराशी एक जुनी जीप. मुलगी प्राजक्ता पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. नातू झाला, चार महिन्यांचा झाला, आणि तिला कोरेगावकडे सासरी पोचवायचा दिवस ठरला. त्याच्या पंधरवडाभर आधी, एका शनिवारी, देवळातून येऊन मी जीप धुवायला काढली. बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलच्या डब्यात तेल खुणेच्या खाली गेलेलं. आमच्या मिस्त्रीने महिन्यापूर्वीच बजावलं होतं, "काका, लायनर झिजल्यात, म्हणून तेल खाली जातंय. एक दिवस गाडी सोडा माझ्याकडं." पण गिरणीत गर्दी, घरात पाहुण्यांची ये-जा. आज नको उद्या करत मी चालढकल केली होती.

हातात दिव्याच्या तेलाची बाटली होती. निम्मं मारुतीला वाहिलेलं, उरलेलं पुजाऱ्याने मूर्तीच्या पायाला लावून परत दिलेलं. दर शनिवारी ते मी घरी आणायचो. गिरणीच्या पट्ट्याच्या चाकाला एक थेंब, दाराच्या बिजागरीला एक थेंब, गुडघ्याला चार थेंब. त्या दिवशी मनात आलं, लेक आणि नातू या गाडीतून जाणार, मग गाडीच्या पोटात देवाचंच तेल का असू नये? ब्रेकचं तेल वेगळं असतं हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणून मी सुटणार नाही. ठाऊक होतं. पण वाटलं, देवाच्या पायाला लागलेलं तेल कुणाचं वाकडं करणार? खुणेपर्यंत ओतलं, झाकण लावलं, हात जोडले. घरात कुणाला बोललो नाही. लाज वाटली म्हणून नव्हे. पुण्याचं काम बोलून दाखवू नये म्हणून!

आठवडाभरात गंमत सुरू झाली. पूर्वी अर्धं पेडल दाबल्याशिवाय गाडी ऐकत नसे, आता नुसता पाय टेकवला की करकचून धरायची. मी खूश. आमच्या हिला म्हणालो, "बघ, मारुतीनंच चाक धरलंय." ती भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "धरलंय ते ठीक हाय. सोडतंय का, ते बघा." मी हसलो. तिला गाडीतलं काय कळतंय, असं मनात म्हणालो, हेही कबूल करतो.

निघायच्या दिवशी जीपमध्ये पाळणा, डिंकाच्या लाडवांचे डबे, दोन पोती गहू, लेकीची ट्रंक, बाळाचं आंघोळीचं घंगाळ असं सगळं कोंबलं होतं. गाडी ओढत नव्हती. सपाट रस्त्यालाही कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालत होती. मला वाटलं, सामान जड झालं. मायणीच्या पुढे आमची ही म्हणाली, "काहीतरी जळतंय." मी म्हणालो, "रानात पाचट पेटवलं असंल कुणीतरी." दोन्ही बाजूंना उघडं माळरान होतं, उसाचं टिपरू नव्हतं, तरी म्हणालो. खोटं बोलायचं नव्हतं मला, फक्त थांबायचं नव्हतं.

पुसेगाव मागे पडलं, चढ संपला. कोरेगावकडचा उतार सुरू होण्याआधी रस्त्याच्या कडेला मारुतीचं लहानसं देऊळ आहे. गाडी उभी केली, सगळ्यांनी दर्शन घेतलं, नारळ फोडला. पाच मिनिटं लागली नसतील. परत येऊन बघतो तर एक म्हातारा माणूस मागच्या चाकापाशी उकिडवा बसलेला. पांढऱ्या कातरलेल्या मिशा, अंगात पलटणीतला हिरवट स्वेटर, पायात कापडी बूट, कपाळावर घाम. हाताची उलटी बाजू त्याने चाकाजवळ नेली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली.

"आवं पाव्हणं, गाडी चढावरनं आली न्हवं?" त्याने विचारलं.

"व्हय. का?"

"चढाला इंजन तापतंय. चाकं कशी तापली? तुमचा पाय ब्रेकावर नसताना बी ब्रेक घासतोय. तासभर थांबा, गार हू द्या. मला इचाराल तर उतरूच नगा, मिस्त्री बोलवा."

मला राग आला. सासरची मंडळी औक्षणाचं ताट घेऊन दारात उभी असतील, आणि हा कुठला कोण मला गाडी शिकवतोय. मी म्हणालो, "आत्ताच मारुतीचं दर्शन घेतलंय. काही होत नाही." मग त्याची नजर मागच्या सीटवर गेली. प्राजक्ता बाळाचं टोपडं बांधत होती. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "मग मला खालच्या फाट्यापातुर सोडा." मी नाहीच म्हणणार होतो, पण आमची ही आधीच पुढून उतरून मागे लेकीजवळ बसत म्हणाली, "बसा मामा." तो माझ्या शेजारी बसला.

दोन वळणं नीट गेली. मी मनात म्हणालोही, बघा, झालं काही? तिसऱ्या वळणाआधी ब्रेकवर पाय दिला, तर पेडल मऊ लागलं, भिजवलेल्या कणकेत पाय रुतावा तसं. पुन्हा दाबलं तर ते सरळ खाली गेलं, पार जमिनीला टेकलं, आणि गाडीचा वेग तसूभर कमी झाला नाही. घाबरून मी क्लच दाबला, आणि इंजिनाने जो काही आवर घातला होता तोही सुटला. गाडी मोकाट निघाली. डाव्या अंगाला डोंगर, उजव्या अंगाला काहीच नाही. पस्तीस वर्षं जप केलेल्या माझ्या तोंडात त्या क्षणी देवाचं एक अक्षर आलं नाही. ही गोष्ट मला घाटापेक्षा जास्त छळते.

"क्लच सोडा," शेजारचा माणूस म्हणाला. ओरडला नाही. "क्लचवरचा पाय काढा आदी. काढला? आता दुसरा टाका. घाला, जोर लावून घाला." गिअर किंचाळत पडला, गाडीला हिसका बसला, मागे पाळणा कोसळला. "ब्रेकाचं पेडल मारत ऱ्हावा. दाबा, सोडा, दाबा, सोडा. थांबू नगा." त्याचा स्वतःचा हात हँडब्रेकवर होता. तोही तो एकदम खेचत नव्हता. ओढायचा, ढिला करायचा, पुन्हा ओढायचा. वळणावर खालून ट्रक आला, त्याचा हॉर्न माझ्या कानात अजून वाजतो. आम्ही त्याच्या अंगाला लागूनच निसटलो. पुढे डाव्या हाताला, रस्त्याच्या कडा भरायला टाकलेला मुरमाचा ढीग दिसला. "त्या ढिगात घाला," तो म्हणाला. "डोळं झाकू नगा, उघडं ठेवा." मी घातली. मुरूम काचेवर उडाला, गाडी कलली, छातीला स्टिअरिंग लागलं, आणि सगळं थांबलं.

मग बाळ रडलं. आमची ही मागून म्हणाली, "प्राजू, लागलंय का त्याला? बघ, बघ." प्राजक्ताने त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं आणि म्हणाली, "काही नाही. काही नाही झालेलं." तेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

चाकांतून धूर निघत होता. मी पाण्याचा कॅन घेऊन धावलो, तर त्या माणसाने माझा दंड धरला. "तापल्या ड्रमावर पाणी नगा वतू, तडकंल त्यो." त्याने दोन मोठे दगड आणून चाकांना लावले, बॉनेट उघडलं, डब्याचं झाकण काढून बोट बुडवलं. बोट चोळून बघितलं, हुंगलं. "ह्यात काय घातलंय? कुणी घातलं ह्ये?"

तोवर मला खरंच वाटत होतं की गाडीने दगा दिला. त्याच्या त्या प्रश्नाने मला ती बाटली आठवली. बायको बघत होती, लेक बघत होती. मी म्हणालो, "मी. मारुतीचं तेल हाय."

तो रागावला नाही. लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. या तेलाने आतली रबरं फुगतात. फुगलेलं रबर जागेवर परत सरकत नाही, मग पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. चाक दिवसभर घासत राहतं आणि तापतं, वर गाडीत एवढं वजन. ती आग नळीतल्या तेलापर्यंत गेली की ते उकळतं, त्याची वाफ होते. तेल दाबलं तर ब्रेक लागतो. वाफ दाबली तर वाफच दबते. एवढं सांगून त्याने बोट स्वेटरला पुसलं. "देवाचं तेल दिव्यात घालावं, पाव्हणं. ह्याला ह्याचंच घालावं. त्यात देव न्हाई असं थोडंच हाय?"

आमची ही माझ्याकडे न बघता कोसळलेला पाळणा सरळ करू लागली. ती शिव्या देती तर बरं वाटलं असतं.

जावयाला फोन झाला, तो गाडी घेऊन निघाला. तेवढ्यात तो माणूस बूट झटकून रस्त्याला लागला, आणि निघाला तो वरच्या दिशेने. मला वाटलं, धक्क्याने त्याला दिशेचं भान राहिलं नाही. मी हाक मारली, "मामा, फाटा खाली राहिला. जावई आला की तुम्हाला सोडतो."

तो थांबला, जरा संकोचला. "मला कुठं खाली जायाचं हुतं? मी खालनंच चालत आलो हुतो. दर्शन ऱ्हायलंय माजं."

"मग गाडीत का बसलात?"

"तुमी ऐकणाऱ्यातलं दिसला न्हाई," तो म्हणाला. "आन् मागं लेकरू हुतं."

मी तिथेच मुरमात बसलो. देवावर भार टाकणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे असं मी जन्मभर समजत आलो. मी टाकला होता तो माझा आळस. मिस्त्रीचं, बायकोचं, वाटेवरच्या माणसाचं ऐकायचा कंटाळा मी देवाच्या खात्यावर ढकलला आणि त्याला श्रद्धा म्हणालो. आणि तो माणूस, ज्याला त्या चाकांची धग हाताला लागलेली होती, ज्याला पुढे काय होऊ शकतं ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, तो दाराशी आलेलं दर्शन सोडून, कुणी न बोलावता, माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला उतरायचं नव्हतंच कुठे. चमत्कार झाला की नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. त्याचं नाव मी विचारलं नाही, तेवढंही मला सुचलं नाही. तो वळणाआड जाईपर्यंत मी त्याच्या पाठीकडे बघत हात जोडून बसून होतो, आणि माझ्याजवळ मागायला काहीही उरलेलं नव्हतं.